बुंदीचा परवाना, गल्लीतली बाकीची कुत्री आणि कर्वेनगरातलं एक वर्ष

पुण्यात घरी कुत्रा पाळला की महापालिकेचा परवाना काढावा लागतो. 2022 पासून मांजरांच्या नोंदणीचंही महापालिकेने मनावर घेतलं. हे ठाऊक असणारी माणसं मला फार कमी भेटली, आणि भेटली त्यांतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं, "कोण विचारतंय?" मी या वर्षी आमच्या बुंदीचा परवाना काढला. त्याच्या मागोमाग सोसायटीतली नोटीस, वॉचमन मामांना झालेला चावा आणि गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी हेही ओघाने आलं. प्रत्येक वेळी पहिले काही दिवस "आता कुणाला विचारायचं?" यातच जायचे. ते दिवस दुसऱ्या कुणाचे तरी वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. मी हिशेब खात्यात नोकरी करते, त्यामुळे पावत्या जपून ठेवायची सवय आहे. रकमा त्यांवरूनच दिल्या आहेत.

बुंदी कालव्याच्या रस्त्यालगतच्या एका बांधकामावर जन्मली. संक्रांतीच्या आधी तिथलं काम संपलं, मजूर दुसऱ्या साइटवर गेले आणि हे एक पिल्लू मागे राहिलं. रंगावरून मुलाने नाव ठेवलं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी दात बघून वय अडीच महिन्यांच्या आसपास ठरवलं आणि पहिल्याच भेटीत पुढच्या तारखा एका कार्डावर लिहून दिल्या. जंताचं औषध लगेच. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे कुत्र्यांच्या आजारांवरची एकत्रित लस जानेवारीत आणि तिचा दुसरा डोस फेब्रुवारीत. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, तिचा बूस्टर साधारण महिन्याने, आणि मग दर वर्षी एकदा. एकत्रित लशीला दर वेळी आठशेच्या घरात पैसे गेले, रेबीजच्या लशीला साडेतीनशे. ज्यांना हे जड जातं त्यांनी औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जरूर चौकशी करावी. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास ठिकठिकाणी मोफत लसीकरणाची शिबिरंही लागतात.

मार्चमध्ये सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली. पाळीव प्राणी लिफ्टमध्ये आणू नयेत आणि इमारतीत नवीन प्राणी ठेवण्याआधी समितीची परवानगी घ्यावी, असा मजकूर होता. नोटिशीत नाव कुणाचंच नव्हतं, पण नवीन प्राणी आमच्याच घरात आला होता.

त्या रात्री मी बरंच वाचून काढलं. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. त्याच सूचनांत मालकांचीही कर्तव्यं आहेत: नियमित लसीकरण, नसबंदी, बाहेर नेताना पट्टा, घाण उचलणं. मी त्या छापून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काकांकडे गेले. काकांनी वाचल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, कायद्याचं ठीक आहे हो. पण पहिल्या मजल्यावरच्या आजींना भेटून या. अर्ज त्यांचा आहे."

आजी ऐंशीच्या पुढच्या. वाईजवळच्या खेड्यात लहानपण गेलेलं. सातव्या वर्षी त्यांना पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून तयार व्हायची आणि फार दुखायची. आपल्याकडे ती 2005 च्या सुमारास बंद झाली. आजींना त्यांचे वडील रोज बैलगाडीने तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे. त्याच कुत्र्याने शेजारच्या घरातल्या एका मुलालाही ओरबाडलं होतं. "त्याला कुणी नेलं नाही," आजी म्हणाल्या, "नुसतं ओरबाडलंय म्हणाले." पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, हे मी पुस्तकी वाचलेलं होतं. समोर बसलेल्या बाईने ते शेजारच्या अंगणात पाहिलेलं होतं.

मी त्या छापील सूचना पिशवीतून काढल्याच नाहीत. बुंदीचं लशीचं कार्ड मात्र दाखवलं. आजींनी भिंग लावून तारखा वाचल्या आणि विचारलं, "हे खरं कशावरून? डॉक्टरच्या शिक्क्याचं काय, कुणीही मारतो. सरकारचं काही आहे का?"

परवाना काढायचं मी तिथे बसल्या बसल्या ठरवलं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 चा आहे आणि परवान्याचा अधिकार महापालिकेला त्यातूनच मिळतो. म्हणजे ही काही नवीन टूम नाही. आजवर मला तो एक कर वाटत होता. आजींच्या प्रश्नानंतर वाटलं की शेजाऱ्याला हक्काने मागता येईल असं हे एकच कागदपत्र आहे.

अर्ज महापालिकेच्या संकेतस्थळावर भरता येतो. मोबाइल क्रमांक देऊन खातं उघडायचं, ओटीपी टाकायचा आणि श्वान परवान्याचा अर्ज निवडायचा. मला लागलेली कागदं अशी: राहत्या पत्त्याचा पुरावा (मी विजेचं बिल जोडलं), ओळखपत्र, कुत्र्याचा फोटो आणि रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र. फोटो काढताना एक करा. कुत्रा उभा असताना एका बाजूने काढा, अंगावरच्या खुणा दिसू द्या. मांडीवर घेऊन काढलेला गोड फोटो ओळख पटवायला निरुपयोगी असतो. जातीच्या रकान्यात मी "भारतीय, गावठी" असं लिहिलं. काही लोक दुकानात शोभेल असं काहीतरी लिहितात, त्याची काही गरज नाही. शुल्क वर्षाला शंभर रुपयांच्या आतलं आहे आणि ऑनलाइन भरता येतं. पैसे भरल्यावर जी पावती येते ती लगेच उतरवून घ्या, अर्ज क्रमांक त्यावरच असतो आणि पुढची सगळी चौकशी त्या क्रमांकावर चालते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला आणि काही दिवसांनी तो शेरा लागून परत आला. लशीच्या प्रमाणपत्रावर लशीचा तपशील अपुरा होता. दवाखान्याने कार्डावर नुसतं "रेबीज" लिहून सही-शिक्का मारला होता. लशीच्या बाटलीवर एक छोटं स्टिकर असतं, त्यावर कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. ते कार्डावर चिकटवायचं असतं, आणि आमच्या कार्डावर ती जागा रिकामी होती. दवाखान्यातल्या मुलीने सुरुवातीला "आता कुठून आणायचं?" म्हणून हात वर केले. मी त्यांच्या रजिस्टरमधली त्या दिवसाची नोंद बघायची विनंती केली. नोंदीत बॅच क्रमांक होता. डॉक्टरांनी त्यावरून लेटरहेडवर नवीन प्रमाणपत्र दिलं, खाली स्वतःचा नोंदणी क्रमांकही लिहिला.

एवढंच लक्षात ठेवलंत तरी माझं लिहिणं कारणी लागलं: लस टोचून झाली की टेबलावरून उठण्याआधी स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या. मांजर असो की कुत्रा, आणि परवाना काढायचा असो की नसो. उद्या तुमच्या प्राण्याने कुणाला दात लावला तर पहिला प्रश्न याच कागदाबद्दल येतो.

दुरुस्त कागद जोडून अर्ज पुन्हा पाठवला. मध्ये सुट्ट्या आल्या. वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयात जाऊन चौकशी केली तेव्हा कळलं की परवान्याचं काम महापालिकेच्या मुख्य पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून होतं, क्षेत्रीय कार्यालयातून फक्त माहिती मिळते. तिथल्या बाईंनी फोन लावून अर्ज क्रमांक सांगितला आणि तपासणीत आहे असं कळवलं. मेच्या मध्याला परवाना आला. एक साधं पान: नाव, पत्ता, प्राण्याचं वर्णन, मुदत. त्याची एक प्रत आजींना दिली. त्यांनी ती घडी घालून देवघराच्या खणात ठेवली, जिथे त्यांची पेन्शनची कागदं असतात.

दुसरी प्रत मी सोसायटीच्या फलकावर लावली आणि खाली आमच्या घराने स्वतःहून पाळायचे नियम लिहिले. बुंदी घराबाहेर कायम पट्ट्यात असेल. लिफ्टमध्ये कुणी आधीपासून असेल तर त्यांना विचारूनच आत येऊ, नाहीतर जिन्याने. फिरायची वेळ सकाळी सहाच्या आधी आणि रात्री साडेनऊनंतर, मुलं अंगणात नसताना. घाण आम्ही उचलू. (सार्वजनिक जागी ती तशीच टाकून जाणाऱ्याला महापालिका दंड करू शकते.) तिच्या पट्ट्याला पितळेची चकती लावली. त्यावर एका बाजूला तिचं नाव, दुसऱ्या बाजूला आमचा फोन. अप्पा बळवंत चौकाजवळ पाट्या कोरून देणाऱ्याने दीडशे रुपयांत करून दिली. लिफ्टची नोटीस पुढच्या बैठकीत उतरवली गेली. पट्ट्याचा नियम मात्र समितीने सर्वांसाठी ठेवला, आणि तो ठेवावा असं मीच सुचवलं होतं. प्राण्याकडून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "आमचा फार शांत आहे हो" म्हणत मोठा कुत्रा मोकळा सोडणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. शांत कुत्राही लहान मुलाला धडक देऊन पाडू शकतो.

जूनमध्ये बुंदीची नसबंदी केली. रक्ततपासणी, शस्त्रक्रिया, औषधं मिळून साडेसात हजार. टाके सुटेपर्यंत तिला जिने चढू द्यायचे नव्हते. लिफ्ट मिळत नसेल तेव्हा पंधरा किलोची कुत्री दुसऱ्या मजल्यापर्यंत उचलून न्यायची म्हणजे दोन माणसं लागतात, त्याची आधीच सोय करा. गळ्यातला प्लास्टिकचा शंकू तिला अजिबात सहन होईना. त्याऐवजी मुलाचा जुना टी-शर्ट पोटाभोवती बांधला. डॉक्टर म्हणाले, टाके चाटता येत नसतील तर चालेल.

ऑगस्टमध्ये वातावरण अचानक तापलं. 11 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या भागातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश दिला आणि आमच्या सोसायटीच्या गटावर एकदम दोन तट पडले. एका बाजूला "इथलीही उचला", दुसऱ्या बाजूला "हात लावून दाखवा". 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला: नसबंदी, लसीकरण आणि जंताचं औषध देऊन कुत्री मूळ जागी सोडायची, रेबीज झालेली, तसा संशय असलेली किंवा आक्रमक असलेली सोडायची नाहीत, रस्त्यात कुठेही खायला न घालता त्यासाठी ठरावीक जागा करायच्या. तोवर आमच्याकडे माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. मला दोन्ही बाजूंचं दुःख कळत होतं. रात्री अकराला बसमधून उतरून एकटी चालत येणारी नर्स आमच्याच इमारतीत राहते, तिच्या मागे गल्लीतली कुत्री लागायची. आणि त्याच कुत्र्यांना वर्षानुवर्षं पोळी घालणारे निवृत्त मास्तरही आमच्याच इमारतीत राहतात.

मग गणपती आले. विसर्जनाच्या मिरवणुका, ढोल, फटाके यांनी कुत्री दिवसचे दिवस बिथरलेली होती. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वॉचमन मामा फाटक उघडायला गेले आणि गल्लीतला काळा कुत्रा त्यांच्या पोटरीला चावला. दाताच्या दोन खोल खुणा होत्या आणि रक्त येत होतं. मी बुंदीला घेऊन खाली उतरले तेव्हा मामा पायरीवर बसून जखमेवर हळद दाबत होते. "गावाकडं मिरची भरतात," ते म्हणाले.

यापुढचं नीट वाचा, कारण हे कुणावरही येऊ शकतं. हळद, मिरची, चुना, तेल काहीही लावायचं नाही. पट्टी करकचून बांधायची नाही. जखम वाहत्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं फार लांब वाटतात. मामा तिसऱ्याच मिनिटाला "झालं की ताई" म्हणत होते. माझ्या मुलाने मोबाइलवर गजर लावला आणि कपडे धुवायच्या साबणाने आम्ही गजर होईपर्यंत धूत राहिलो. रेबीजचा विषाणू लाळेतून येतो. साबण-पाण्याने तो मोठ्या प्रमाणात निघून जातो, म्हणून दवाखान्यात पोचायच्या आधीचा हा भाग सोडायचा नाही.

मग रिक्षाने मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय. केसपेपर काढला, डॉक्टरांनी जखम पाहून तिसऱ्या वर्गातली सांगितली. कातडी फाटून रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेच्या आजूबाजूला इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही द्यावं लागतं. लस शरीराला प्रतिकार शिकवते, पण त्याला काही दिवस जातात. तेवढ्या दिवसांत विषाणूला जखमेतच अडवायचं काम हे दुसरं औषध करतं. जखमेतच टोचतात म्हणून दुखतं. मामांनी माझ्या मुलाचा हात धरून ठेवला होता. त्यानंतर लस दंडात, त्या दिवशी आणि मग 3, 7 आणि 28 व्या दिवशी. लशीचे पैसे लागले नाहीत, खर्च झाला तो रिक्षाचा आणि बुडालेल्या हजेरीचा. हजेरी सोसायटीने भरून दिली. तारखांचा कागद मी सेक्रेटरी काकांच्या फलकावर लावला, कारण बरं वाटायला लागलं की माणूस शेवटचा डोस टाळतो. आणि मामा खरंच 28 व्या दिवशी गावी निघाले होते, लातूरला. काकांनी त्यांना गाडीत बसवून आधी रुग्णालयात नेलं.

काळ्या कुत्र्यावर आम्ही दहा दिवस लक्ष ठेवलं. चावताना कुत्र्याला रेबीज असेल तर साधारण दहा दिवसांत तो आजारी पडून मरतो. मात्र तोवर वाट बघून मग लस घेऊ असं करायचं नाही, लस आधी. दहाव्या दिवशी काळ्या धडधाकट होता आणि मास्तरांच्या हातून पोळी खात होता. मास्तरांना त्या दिवशी पहिल्यांदा मी अडचणीत पाहिलं. ते म्हणाले, "खायला मी घालतो, मग टोचून घ्यायलाही मीच पुढे व्हायला हवं ना?"

गल्लीतल्या कुत्र्यांचं काम त्यांनी आणि मी मिळून हातात घेतलं. 2022 च्या मार्चपासून तेव्हा महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासकांचा कारभार होता, त्यामुळे "नगरसेवकाला सांगू" हा नेहमीचा रस्ता बंद होता. टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक घेतला आणि क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज दिला, पोचेचा शिक्का मारून घेतला. अर्जात "कुत्र्यांचा बंदोबस्त करा" असं लिहू नका. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्री पकडून दुसरीकडे नेऊन सोडता येत नाहीत. नसबंदी आणि रेबीजची लस देऊन त्याच जागी परत सोडावी लागतात. यामागे साधं कारण आहे. गल्ली रिकामी झाली की तिथल्या खाण्यावर बाहेरची, लस न टोचलेली कुत्री येतात. म्हणून "नसबंदी व लसीकरणासाठी" असं स्पष्ट लिहा आणि सोबत यादी जोडा.

यादी मास्तरांनी केली. आखीव कागदावर, हजेरीपटासारखी: रंग, नर की मादी, अंदाजे वय, कानाला खाच आहे की नाही, कुठे झोपतो. शेजारी फोटो चिकटवले. कानाची खाच म्हणजे त्या कुत्र्याची नसबंदी आधी झालेली आहे. आमच्याकडे आठांपैकी दोघांना ती होती, आणि इतकी वर्षं ती मारामारीत फाटलेली आहे असंच सगळ्यांना वाटत होतं. सहा महिन्यांखालची पिल्लं नसबंदीला घेत नाहीत, पिल्लांना पाजणारी मादीही नाही. आमची पांढरी मादी गणपतीच्या आसपासच व्यायली होती, म्हणून तिच्या नावापुढे "नंतर" लिहिलं.

गाडी यायला दसरा उलटला. आदल्या संध्याकाळी फोन आला की सकाळी सहाला येतो, रात्री कुत्र्यांना खायला घालू नका. शस्त्रक्रियेआधी पोट रिकामं लागतं आणि भुकेली कुत्री जवळही येतात. सकाळी मास्तर बिस्किटाचा पुडा घेऊन उभे होते. ओळखीचं माणूस असलं की पळापळ कमी होते, गाडीवरच्या मुलांनीच हे सांगितलं. चार कुत्री सहज आली. काळ्याने मात्र जाळं पाहिलं आणि गाड्यांच्या खाली घुसला. अर्धा तास गेला. शेवटी मास्तर फरशीवर पालथे झोपले, गाडीखाली हात घातला आणि त्याच्याशी बोलत राहिले. तो सरपटत बाहेर आला तेव्हा मास्तरांचे डोळे भरले होते. गाडीतल्या मुलाने प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांकाची पट्टी अडकवली आणि आमच्या यादीवर तेच क्रमांक लिहून दिले. कागदाचा फोटो काढून ठेवा. परत येताना कोण आलं, कोण नाही, हे त्यावरूनच समजतं.

त्या दिवसांत मास्तरांना झोप नव्हती, "परत आणतील ना?" हे त्यांनी मला जिन्यात रोज विचारलं. नियमाप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर निदान चार दिवस देखरेखीखाली ठेवावं लागतं. आमची कुत्री आठवड्याच्या आसपास, दिवाळीच्या आधी परत आली, पाचही. कानाची कड खाचेसारखी कापलेली, त्यावर जांभळ्या औषधाचा डाग. सोडल्यावर काळ्या फाटकापाशी थांबला, प्रत्येक खांब हुंगला आणि मास्तरांच्या दाराशी जाऊन बसला. त्यांचे टाके आणि खाणं-पिणं आम्ही आणखी काही दिवस बघितलं. सूज, पू किंवा सुस्ती दिसली तर त्याच क्रमांकासह कळवायचं असतं, आम्हाला गरज पडली नाही. यासाठी महापालिकेने आमच्याकडून काहीही पैसे घेतले नाहीत.

राहिला खाण्याच्या जागेचा प्रश्न. 2023 च्या नियमांनुसार ती जागा ठरवायची जबाबदारी सोसायटीची आहे. मुलांची खेळायची जागा, जिने आणि येण्याजाण्याची फाटकं यांपासून ती लांब हवी, आणि वेळही मुलं-म्हातारी माणसं बाहेर नसतील अशी. एकमत झालं नाही तर प्राणी कल्याण समिती नेमून तिच्याकडे जायची तरतूद आहे. आमच्याकडे तशी वेळ आली नाही. नोव्हेंबरच्या बैठकीत मागच्या भिंतीलगत, पाण्याच्या टाकीपलीकडची जागा ठरली, रात्री साडेदहाची वेळ ठरली. भांडी खाऊन झाल्यावर उचलायची जबाबदारी मास्तरांनी लिहून घेतली. त्या नर्सने नंतर सांगितलं की फाटकाजवळ आता रात्री कुणी नसतं, सगळी मागे जमलेली असतात. पळत मागे लागणं पूर्ण थांबलेलं नाही, पण कमी झालं आहे. नसबंदीचा परिणाम स्वभावावर दिसायला वेळ लागतो आणि भीती जायला त्याहून जास्त, त्यामुळे ती अजून काकांना फोन करून फाटकापर्यंत बोलावते आणि काका जातात.

एक गोष्ट मला या वर्षात प्रकर्षाने जाणवली, ती सांगायलाच हवी. कुत्र्याला घाबरणारी माणसं कुत्र्यांची शत्रू नसतात. त्यांना कुणीतरी उत्तरदायी हवं असतं: हा कुणाचा, टोचलंय का, चावला तर मी कुणाकडे जाऊ? परवाना, लशीचं स्टिकर, कानाची खाच, गळ्यातली चकती, तारखांचा कागद ही सगळी त्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ती आपण कुत्रे पाळणाऱ्यांनी आणि खायला घालणाऱ्यांनी मागितल्याशिवाय द्यायला हवीत. आमच्या इमारतीतल्या बाकीच्या चार घरांपैकी तिघांनी आता परवान्याचे अर्ज भरले आहेत, त्यात एक मांजर आहे. एका घराचं प्रमाणपत्र स्टिकर नसल्यामुळे अडलं, तेव्हा रजिस्टरमधली नोंद काढून घ्यायची युक्ती पुन्हा उपयोगी पडली.

आता पुढचं. फेब्रुवारीत बुंदीच्या रेबीजच्या लशीची तारीख आहे. परवाना वर्षाचाच असतो, त्यामुळे नूतनीकरणाच्या अर्जाला नवीन प्रमाणपत्र लागेल. लस आधी आणि अर्ज नंतर असाच क्रम ठेवा, नाहीतर मुदत संपलेलं प्रमाणपत्र जोडून पुन्हा शेरा ओढवून घ्याल. पांढऱ्या मादीचं दूध आटलं आहे, तिच्यासाठी नवा अर्ज गेल्या आठवड्यात देऊन पोच घेतली. तिच्या तीन पिल्लांपैकी दोघांना घरं मिळाली. तिसरी मादी आहे, तीन महिन्यांची, पाठीवर तपकिरी ठिपका. रेबीजचा पहिला डोस झालेला आहे आणि स्टिकर कार्डावर आहे. कर्वेनगर, वारजे, कोथरूड भागात कुणी तिला घरी नेणार असेल तर मला कळवा. बूस्टरला आणि परवान्याचा अर्ज भरायला मी सोबत येईन, आणि तुमच्या इमारतीत कुणाचा विरोध असेल तर आधी त्यांच्या घरी आपण दोघं जाऊ.